मिस्टरांना पूर्णवेळ सेवेचं पाचारण आहे, मला मात्र तसं काही जाणवत नाही. काय करावं?

पुण्यातली_सिस्टर

सगळ्यांना जय ख्रिस्त. इथं वाचत असते नेहमी, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही दोघंही विश्वासी घरातले, माझं माहेर नगरकडचं, सासर जालन्याचं. मिस्टर चाकणला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहेत, मी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. मुलगा सहावीत, मुलगी सीनिअर केजीत. फ्लॅटचं लोन चालू आहे, सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना शुगर आहे आणि रोज इन्सुलिन लागतं.

मागच्या वर्षी आम्ही एका कन्व्हेन्शनला, म्हणजे ख्रिस्ती मेळाव्याला गेलो होतो. तिथं सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या सेवेबद्दल एका बंधूंनी सांगितलं आणि शेवटी म्हणाले की ज्यांना प्रभू बोलावतोय त्यांनी उभं राहा. मिस्टर उभे राहिले. मी शेजारीच बसले होते, मांडीवर मुलगी झोपलेली, आणि मला एवढंच कळत होतं की यांचे हात थरथर कापतायत. तेव्हापासून यांचं एकच, तिकडं सातपुड्यात धडगावकडे जायचं, नोकरी सोडायची. उत्पत्तीचा १२ वा अध्याय, अब्राहामाला देव म्हणाला आपला देश सोड, ते वचन यांना मिळालंय. आणि हे काही वरवरचं नाही हो, मी बायको आहे, मला दिसतं ना. पहाटे उठून प्रार्थना करतात, चिडचिड कमी झालीय, सुट्टी काढून तिकडं जाऊनही आलेत, परत आले की तिथल्या पावरी भाषेतले शब्द वहीत लिहून पाठ करत बसतात.

पण मला तसं काही जाणवत नाही. मी पण प्रार्थना केली, उपास केले, मला हो पण मिळत नाही आणि नाही पण मिळत नाही. त्या मिशनमध्ये ठरलेला पगार नाही, जसं दान येईल तसं. मी विचारलं की आईंच्या औषधांचं काय तर म्हणाले प्रभू पुरवेल, आणि मग लूक १८:२९ दाखवलं, देवाच्या राज्यासाठी घर, बायको, भाऊ, आईबाप, मुलं सोडली ते. बायको हा शब्द वाचला आणि त्या रात्री मला झोपच लागली नाही.

एक सांगायलाच पाहिजे, ते जबरदस्ती करत नाहीत. म्हणतात तू आल्याशिवाय मी जाणार नाही. पण असं म्हणताना त्यांचा चेहरा असा पडतो की वाटतं मीच देवाच्या आणि यांच्या मधे उभी आहे. मंडळीतल्या एक-दोन बायका पण बोलल्या, पाचारणाला बायकोनं आडवं येऊ नये म्हणून.

मला खरंच विचारायचंय की देव नवऱ्याशी बोलतो आणि बायकोशी बोलत नाही असं होतं का? लग्न त्यानेच जोडलं ना? आणि मी वॉर्डमध्ये रात्ररात्र पेशंटजवळ उभी असते ती सेवा नाही का? माझा विश्वास कमी आहे का हे पण सांगा, मला राग येणार नाही.

कोयरमधला_दादा

प्रेज द लॉर्ड ताई. तुमचे मिस्टर विश्वासात आहेत याबद्दल आधी प्रभूचे आभार माना, किती बहिणी नवऱ्याने चर्चमध्ये यावं म्हणून रडून प्रार्थना करतात. माझं मत सरळ आहे. इफिस ५:२२ प्रमाणे पत्नीने पतीच्या अधीन असावं, आणि पाचारण आलं की हिशेब मांडत बसू नये. सारफथच्या विधवेकडे मूठभर पीठ आणि थोडं तेल होतं, तिने आधी एलीयाला भाकर दिली आणि मग तिचं मडकं रिकामं झालं नाही. माझे आईवडील प्रचारक होते, गावोगावी फिरले, आम्ही भावंडं उपाशी कधी राहिलो नाही. तुम्ही पाऊल टाका, शांती नंतर मिळते. प्रार्थनेत ठेवतो.

मेळघाटातली_काकू

सिस्टर, मी तुझ्या आईच्या वयाची असेन म्हणून अगं म्हणते. आणि दादा, तुमच्या आईवडिलांच्या सेवेला माझा सलाम, पण २२ व्या वचनाच्या आधी २१ वं आहे, ख्रिस्ताच्या भयाने एकमेकांच्या अधीन असा म्हणून, आणि पुढं २५ वं नवऱ्याला सांगतं की ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी बायकोवर प्रीती कर. मधलं एकच वचन काढून त्या पोरीच्या डोक्यावर ठेवू नका.

आता तू जे विचारलंस ते. देव एकाशी बोलतो आणि दुसऱ्याशी नाही असं होतं का, तर काही काळ होतं. पण शास्त्रात बघ तो पुढं काय करतो. गब्रीएल दूत मरीयेकडे आला तेव्हा योसेफाला काही माहीत नव्हतं. तिच्यावर योसेफाला पटवून द्यायची पाळी आणली नाही देवाने, त्याच्याकडे स्वप्नात वेगळा दूत पाठवला, आणि तोवर योसेफ गोंधळलेला होता, गुपचूप सोडून द्यावं म्हणत होता, तरी त्याला शास्त्र नीतिमानच म्हणतं. शमशोनाच्या जन्माच्या वेळी उलटं बघ, दूत आधी मानोहाच्या बायकोकडे आला, मानोहाने प्रार्थना केली की आम्हाला दोघांना परत सांग, तर देवाने ऐकलं त्याचं आणि दूत पुन्हा आला. शास्ते १३ वाच दोघं मिळून. म्हणजे ज्याला आधी कळलं त्याने दुसऱ्याला ओढायचं नसतं, थांबायचं असतं, आणि ज्याला कळलं नाही त्याने मला पण सांग म्हणून मागायचं असतं, आणि ते मागणं म्हणजे अविश्वास नव्हे.

लूक १८ बद्दल पण बोलते कारण ते वचन बायकांना फार लागतं. ते येशू कोणाला म्हणाला? पेत्राला, तो म्हणाला होता आम्ही सगळं सोडून आलोय म्हणून. आणि हाच पेत्र पुढं बायकोला बरोबर घेऊन फिरत होता, १ करिंथ ९:५ मध्ये पौलाने स्पष्ट लिहिलंय. त्याची सासू तापाने पडली होती तर प्रभू स्वतः त्या घरात गेला आणि तिला उठवलं. तेव्हा बायको टाकून ये असा त्या वचनाचा अर्थ पेत्राने तरी घेतला नव्हता. आणि मत्तयात हीच गोष्ट १९ व्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात वर देवाने जोडलं ते माणसाने तोडू नये हे पण आहे, दोन्ही एकाच तोंडचं.

आम्ही इकडे कोरकू लोकांत आहोत, आमची मुलं इथंच वाढली. यांना पाचारण आधी आलं, मला नव्हतं. यांनी दोन पावसाळे वाट बघितली आणि त्या काळात एकदाही मला वचन फेकून मारलं नाही. मग आम्ही दोघं मिळून इथं येऊन राहून गेलो, हिवाळ्यात नाही हं, श्रावणात, रस्ता वाहून गेलेला असताना. हिवाळ्यात मेळघाट सगळ्यांनाच आवडतो. त्या खेपेला एका बाईचं बाळंतपण अडलं आणि गाडी धारणीपर्यंत पोचेना, मी नुसता तिचा हात धरून बसले होते, मला काही येत नव्हतं, मी काही नर्स नाही. बाळ वाचलं. घरी आल्यावर माझ्याच मनात यायला लागलं की तिथं परत जायला पाहिजे. यांच्यासारखं पाचारण मला कधीच आलं नाही, मला आजही भाषण करता येत नाही, मी आशाताईंबरोबर बाळांची वजनं घ्यायला जाते आणि बायकांशी बसून बोलते. पण ते माझं आहे, यांच्याकडून उसनं घेतलेलं नाही.

तू नर्स आहेस. धडगाव भागात नर्सची काय किंमत आहे हे तुझ्या मिस्टरांनी तुला सांगितलं का? का फक्त त्यांच्याच पाचारणाबद्दल बोलणं होतं घरात? हे भांडायला म्हणून नाही विचारत, खरंच विचार त्यांना.

पुण्यातली_सिस्टर

काकू, वाचून रडू आलं. नाही, माझ्या कामाबद्दल कधी बोलणंच झालं नाही. ते मी सेवेत येणार का असंच विचारतात, म्हणजे आत्ता मी सेवेत नाही असं धरूनच.

वसईकर

मी कॅथलिक आहे, माझं बोलणं इथं चालेल ना? आमच्याकडे फादर लोक लग्न करत नाहीत त्यामुळे हा प्रश्न तसा येत नाही असं वाटेल, पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आमच्या चर्चमध्ये लग्न झालेला पुरुष कायमस्वरूपी डीकन, म्हणजे फादरच्या खालच्या पायरीचा दीक्षा घेतलेला सेवक होऊ शकतो, मुंबई धर्मप्रांतात असे डीकन आहेत. त्याच्यासाठी चर्चच्या कायद्यातच लिहिलंय की वय ३५ पूर्ण पाहिजे आणि बायकोची संमती पाहिजे. संमती नसेल तर बिशप हात ठेवून दीक्षा देणार नाहीत, मग त्याला कितीही खोल पाचारण वाटू दे. म्हणजे बायकोचं हो हे पाचारण तपासायचाच एक भाग आहे. कारण विवाह हा आमच्यात संस्कार आहे, तो आधी मिळाला आहे, नंतरची सेवा त्याच्यावर उभी राहते, त्याला पाडून नाही.

दुसरं संत इग्नेशियस लोयोला यांनी मनातली ओढ कशी पारखायची याचे नियम घालून दिलेत, रिट्रीटमध्ये आमचे जेज्विट फादर ते शिकवतात. त्यातला एक खूप लोकांना माहीत असतो, मन कोरडं पडलेलं असताना, निराशेत असताना आधीचा निर्णय बदलू नये. पण त्यांनी दुसऱ्या बाजूनेही सांगितलंय आणि ते कमी लोक सांगतात, की माणूस खूप आनंदात, उत्साहात असताना त्याला घाईत व्रत किंवा वचन देऊ देऊ नका, मार्गदर्शकाने त्याला थांबवावं, आणि माणूस जेवढा चटकन पेटणारा तेवढं जास्त सांभाळावं. तुमच्या मिस्टरांना कन्व्हेन्शनमध्ये जे जाणवलं ते खोटं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. ते खरं असेल तर वर्षभर थांबल्याने विझणार नाही, उलट वहीत शब्द पाठ करतायत यावरून मला तरी वाटतं की ते टिकतंय. पण त्या रात्री उभं राहणं हा शेवटचा निर्णय नव्हता, ती सुरुवात होती.

संत इग्नेशियसनी एक युक्ती पण सांगितलीय. समजा तुम्हाला अजिबात ओळखत नसलेलं एक जोडपं तुमच्याकडे आलं, सेम परिस्थिती, सेम लोन, सेम आजारी आई, आणि तुम्हाला वाटतंय की यांचं भलं व्हावं, तर तुम्ही त्यांना काय सांगाल? ते दोघांनी वेगवेगळं कागदावर लिहा आणि मग एकमेकांना दाखवा. आमच्या घरी आम्ही वेगळ्या एका बाबतीत हे केलंय, दोघांचं जवळजवळ सारखंच निघालं होतं.

निवृत्त_वडील_सोलापूर

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. मी मंडळीच्या कमिटीवर बरीच वर्षं काम केलेलं आहे, सेवेला जाणारी मुलं पाठवली आहेत, परत आलेली पण बघितली आहेत, म्हणून लिहितो.

आपण रविवारी उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकातून रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गाणी म्हणतो, पण त्यांच्या घरात काय झालं ते पाचारणाच्या गोष्टीत कुणी सांगत नाही. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते ख्रिस्ती झाले ते एकट्याने, बायको लक्ष्मीबाई आपल्या हिंदू माणसांत, आणि त्यांच्यावर तर आभाळच कोसळलं. चार-पाच वर्षं ताटातूट. पुढे त्या नगरला येऊन राहिल्या तरी आपलं सोवळं पाळत होत्या आणि टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. आणि मग बघा, १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडून साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला, १९१९ ला ते गेले, त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन हे ख्रिस्तावरचं काव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. ओढून आणलेली बायको हे करू शकली असती का? मला नाही वाटत.

आता दुसरी बाजू. इंग्रज मिशनरी विल्यम केरी साहेबांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार निघाला, आपल्यावर त्यांचे मोठे उपकार आहेत. पण १७९३ मध्ये ते इंग्लंडहून निघाले तेव्हा त्यांची बायको डोरोथी यायला तयार नव्हती, नुकतीच बाळंत झालेली, शेवटच्या घटकेला बहिणीला बरोबर घेऊन कशीबशी निघाली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीने गेला, आणि त्या बाईचं मन जे ढासळलं ते १८०७ ला तिचा मृत्यू होईपर्यंत सावरलं नाही. केरींना देवाने बोलावलं नव्हतं असं मी म्हणणार नाही, माझ्या हातातलं शास्त्र त्यांच्या कष्टाच्या परंपरेतलं आहे. पण सेवेला निघालेल्या प्रत्येक तरुणाला मी डोरोथीबद्दल सांगतो.

बेटा, आईंच्या औषधाचं तुम्ही विचारलंत ते अविश्वासाचं मुळीच नाही. मार्क ७ मध्ये येशूने परूश्यांना काय सुनावलं? आईबापांना द्यायचं ते कुर्बान म्हणजे देवाला अर्पण केलं असं म्हणून तुम्ही त्यांना काही करू देत नाही, आणि अशाने देवाचं वचन रद्द करता. सेवेच्या नावाने आईच्या इन्सुलिनचा प्रश्न बाजूला सारता येत नाही. १ तीमथ्य ५:८ पण वाचा, जो घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे म्हणून, तेही पाचारण झालेल्या तरुण सेवकालाच लिहिलेल्या पत्रात आहे.

आणि तुमच्या पाळकसाहेबांचं काय म्हणणं आहे ते तुम्ही लिहिलंच नाही. प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये पौल आणि बर्णबा आपल्या मनाने नाही निघाले. अंत्युखियाची मंडळी उपास करत होती, आत्मा मंडळीशी बोलला, मंडळीने हात ठेवून पाठवलं. कन्व्हेन्शनचे वक्ते दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जातात, तुमची मंडळी तुम्हाला ओळखते. पाळक आणि वडीलजन तुमच्या घरी येऊन दोघांचं ऐकून घेऊ देत, तुमचं वेगळं आणि मिस्टरांचं वेगळं. पाठवायचं म्हणाले तर दर महिन्याला किती पाठवणार हेही त्यांनाच विचारा. ज्या मंडळीला आर्थिक भार घ्यायचा नाही तिने नुसता आशीर्वाद देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कोयरमधला_दादा

वडील, केरींच्या बायकोचं हे माहीत नव्हतं. ताई, माझा आग्रह नाही. फक्त एवढंच की सगळं ठरेपर्यंत कुणीच गेलं नसतं तर आमच्या गावात सुवार्ता आली नसती, तेही मनात ठेवा.

निवृत्त_वडील_सोलापूर

दादा, तेही खरं आहे. सिस्टरनीही मनाशी विचारावं की नको म्हणतेय ती भीती आहे की खरोखर देवाने थांबवलंय. भीती असेल तर तिचं नाव घेऊन प्रभूसमोर ठेवता येते. पण ते त्यांचं त्यांना कळू द्या.

पुण्यातली_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ड्युटीवरून आल्यावर मिस्टरांना हे सगळं वाचायला दिलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की शास्ते १३ काढ. वाचलं दोघांनी. मी त्यांना विचारलं की तिथं नर्स लागते का तर म्हणाले तिथल्या बंधूंनी पहिलाच प्रश्न तो विचारला होता, तुमच्या मिसेस काय करतात, पण मला वाटलं तुला सांगितलं तर तुझ्यावर दडपण येईल. मला जरा रागच आला खरं तर, पण बोललो आम्ही, खूप दिवसांनी नीट बोललो.

पाळकसाहेबांना रविवारी उपासनेनंतर भेटणार आहोत. नोकरी इतक्यात सोडणार नाहीत असं ते स्वतःच म्हणाले, पौल पण तंबू शिवत होता आणि अक्विला-प्रिस्किल्ला नवरा-बायको मिळून धंदा करत सेवा करायचे, तर आधी इथं राहून बंगळूरच्या टाफ्टी या ख्रिस्ती शिक्षण संस्थेचा घरी बसून करायचा कोर्स करता येतो का ते बघणार आहेत. मला अजूनही हो मिळालेलं नाही, पण आता मी पण मागणार आहे, त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

काकू, एक विचारायचं होतं. आम्ही राहून बघायला गेलो तर काय काय बघायचं? आणि मुलांच्या शाळेचं तुम्ही काय केलं होतं?

मेळघाटातली_काकू

फार बरं वाटलं गं. जून ते सप्टेंबरमध्येच जा, मुलांना घेऊन जा, आणि पाहुण्यांच्या खोलीत उतरू नका, तिथल्या सेवकाच्या घरात राहा. पाणी कुठून येतं ते स्वतः जाऊन बघ, मोबाईलला रेंज कुठं मिळते, रात्री गाडी कोणाची मिळते. इन्सुलिन थंड ठेवायला लागतं आणि लाईट दिवसदिवस जाते, तेव्हा फ्रीजचं काय ते आधी विचार, सासूबाईंना नेणार की दीर-नणंदेकडे ठेवणार हे घरातल्यांशी बसून बोला, त्यांना स्वतःला पण विचारा, म्हाताऱ्या माणसाला कोणी विचारत नाही.

सेवकाच्या बायकोशी एकटीने बोल, नवरे बाहेर असताना. तिला विचार की आजारी पडल्यावर मिशनने काय केलं, मेडिक्लेम आहे का, पीएफ भरतात का, दान कमी आलं त्या महिन्यात काय होतं, आणि काही चुकलं तर सांगायचं कोणाला. मिशनच्या ऑफिसमधून हेच सगळं लेखी मागा, देवाचं काम करणाऱ्याला लेखी द्यायला अडचण नसते.

शाळेचं म्हणशील तर आमचा मोठा परतवाड्याला हॉस्टेलला होता पाचवीपासून, धाकटीला मी आठवीपर्यंत जवळच ठेवलं, इथल्याच आश्रमशाळेत जायची. मोठ्याला ते जड गेलं, तो आता मोठा झालाय आणि मोकळेपणाने सांगतो. म्हणून तुझ्या सहावीतल्याला पण या बोलण्यात घ्या, रात्री प्रार्थनेला बसता तेव्हा त्यालाही विचारा त्याला काय वाटतं ते, आणि तो नाही म्हणाला तर लगेच वचन दाखवू नका. जायची तारीख ठरली की मला मेसेज कर, आमच्या ओळखीच्या एक बाई शहाद्याला सरकारी दवाखान्यात नर्स आहेत, त्या तुझ्याशी कामाचं सगळं नीट बोलतील.